खंडेनवमीची काचेची पेटी

माझं काम सल्ला देण्याचं. दवाखान्याची नवी उपकरणं बनवू पाहणाऱ्या छोट्या कारखानदारांना मी जळगावच्या कार्यालयातून सल्ला द्यायचो. म्हणजे मशीन दुसऱ्यानं बनवायचं, हात दुसऱ्याचे भाजायचे आणि ते चाललं की आपण म्हणायचं, "बघा, सांगत होतो ना!" नव्वदच्या आसपासचे दिवस. माझ्या वाट्याला असे कारखानदार दोनच. पैकी एक सलाईनचे स्टँड करायचा. त्याला सल्ला लागत नसे.

दुसरा अमळनेरचा. सगळे त्याला भाऊ म्हणत. पाण्याचे पंप दुरुस्त करता करता त्यानं अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी काचेची पेटी बनवली होती. त्याच्या बहिणीचं सातव्या महिन्यात झालेलं बाळ अशी पेटी वेळेवर मिळाली नाही म्हणून गेलं होतं. तेव्हापासून गड्यानं ध्यासच घेतलेला. मी धुळ्याच्या एका मुलांच्या डॉक्टरांना गळ घातली. ते म्हणाले, "बुधवारी आणा, दिवसभर चालवून दाखवा. नाही जमलं तर गुरुवारी मी मुंबईची पेटी मागवतो." मी तिथल्या तिथं हो म्हटलं. सल्लागाराला पंचांग कशाला बघायला लागतं?

बुधवारी सकाळी टेंपो घेऊन वर्कशॉपवर पोचलो तर पेटीला झेंडूची माळ, काचेवर हळदकुंकवाची बोटं. शेजारी लेथ, ड्रिल, पाने, सगळे पूजेला बसलेले. खंडेनवमी! मी कपाळावर हात मारला.

"साहेब, आज हत्याराला हात लावत नाही," भाऊ म्हणाला. "पेटी नेऊ म्हणाल तर नेऊ, पण बटण दाबणार नाही."

"अरे बाबा, उद्या डॉक्टर मुंबईची पेटी मागवतील! दोन वर्षांची मेहनत पाण्यात घालतोस?"

त्याचे डोळे भरले, पण मान काही हलेना. माझा पारा चढला. मी विज्ञानावर भाषण सुरू केलं, तेवढ्यात त्याची आई, अक्का, पुढं आली.

"हाई हत्यार शे का? हाऊ ते पाळणा शे. पाळणाले कधी सुट्टी ऱ्हास का?"

मी अक्काच्या पाया पडायच्याच बेतात होतो, तोच भाऊ म्हणाला, "पन अक्का, रिकामा पाळणा हालाडतस का कधी?"

घ्या! आगीतून फुफाट्यात.

अक्का तडक घरात गेली आणि वरवंटा घेऊन आली. बारशाला बाळाआधी पाळण्यात घालतात ना, तसा कुंची घातलेला, तीट लावलेला. तिनं तो पेटीत निजवला आणि भाऊचा चेहरा खुलला. अक्काही टेंपोत चढून बसली. लेकराला एकटं कसं धाडायचं, म्हणे.

धुळ्यात भाऊनं बटण दाबलं. कुंचीकडं बोट दाखवत डॉक्टरांनी विचारलं, "हे काय?" मी बेधडक ठोकून दिलं, "चाचणीची बाहुली." भाऊ छताकडं बघू लागला.

दुपारी लाईट गेली. डॉक्टर घड्याळ घेऊन पेटीसमोर बसले. अर्धा तास झाला तरी थर्मामीटरमधला पारा जागचा हलेना. "कमाल आहे!" म्हणत त्यांनी झाकण उघडलं, बाहुली उचलायला गेले आणि ओरडले, "अहो, हा तर वरवंटा!"

भाऊनं पहिल्यापासून सगळं सांगून टाकलं. डॉक्टर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग दगडावर हात ठेवून म्हणाले, "हा सकाळपासून तापलाय. लाईट गेली तरी यानंच ऊब धरलीय. गादीखाली कप्पा करून असा दगड बसवा. इथं रोज लाईट जाते, मला हीच पेटी पाहिजे."

आठ महिने मी भाऊला ऊब टिकवायच्या थर्मोकोलच्या जाडीवर सल्ले देत होतो. दगड मला सुचला नव्हता. खोटं कशाला बोलू, लाज वाटली.

भाऊ तर खुर्चीत बसून रडायलाच लागला. अक्का मात्र डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली.

"डाक्टर, मनी लेकनं लेकरू ह्या पेटीमा वाचतं का?"

डॉक्टरांचं हसू मावळलं. "वाचलं असतं, अक्का."

अक्कानं वरवंट्याची कुंची सोडली, तिची घडी घातली आणि पदराखाली धरली.

"मंग वरवंटा आठेच, ह्या पेटीमाच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मिरच्या मी शेजारनीना पाट्यावर वाटी लिसू."