तिसऱ्या कप्प्यातली काडी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही, देवापुढे हात जोडूनसुद्धा नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही. आणि ऐकताना कनवाळू चेहरा करू नका — मला तो सहन होत नाही.

माझी धाकटी बहीण कुमुद. शाळेत जाताना भरलेलं दप्तर नेई, येताना निम्मं घेऊन येई. पट्टी, शिसपेन्सिल, रुमाल — कुठे ठेवलं ते तिला आठवायचंच नाही. मी चिडायचे. का नाही चिडणार? तिच्या वस्तूंची जबाबदारी माझ्यावर टाकलेली. तिनं हरवायचं आणि मी शाळेपासून देवास गेटजवळच्या आमच्या घरापर्यंतचा रस्ता खाली मान घालून धुंडाळायचा. ओरडा मला, धपाटे मला. ती आपली आभाळाकडे बघत उभी. खरं सांगू? मला ती आवडत नसे.

ते साल नव्या राज्याचं. मध्य भारत मोडून मध्य प्रदेश झालेला, आणि आमच्या वडिलांची — दादांची — कचेरी भोपाळला हलायच्या गोष्टी चाललेल्या. त्यांचं डोकं आधीच फिरलेलं. त्यात कुमुदची पट्टी हरवली, तेव्हा त्यांनी आईला बजावलं, "आता एक जरी चीज हरवली, तर हिचं नाव कटवून टाकीन शाळेतून. घरी बसून पोळ्या लाटू दे." दादा बोलले की करून दाखवत. हे मला ठाऊक होतं — एवढं लक्षात ठेवा.

आईनं भैरवगढच्या छापील कापडाच्या तुकड्यांचं नवं दप्तर शिवलं. पाच कप्पे, प्रत्येकावर वेगळा छाप. दादा रोज संध्या करताना न्यास करायचे — छाती, डोकं, शेंडी, खांदे, अशी ठरलेल्या क्रमानं बोटं लावत. आईनं तेच कुमुदला शिकवलं. उंबऱ्यात उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि एकेका कप्प्याला बाहेरून हात लावायचा — पट्टी, शिसपेन्सिल, टाक, टीपकागद, रुमाल. शाळेतून निघतानाही तसंच. काय सांगू, पोरगी सुधारली! चार महिने एकही वस्तू हरवली नाही. दादा चक्क हसले. म्हणाले, "ताईनं नुसता आरडाओरडा केला. अक्कल चालवली ती हिच्या आईनं."

मी — जिनं जन्मात कधी खडूचा तुकडासुद्धा हरवला नाही — माझं कधी कुणी कौतुक केलं होतं? पण हे कारण म्हणून सांगत नाही. कारण वगैरे काही नाही.

वार्षिक परीक्षेच्या सकाळी मी कुमुदच्या तिसऱ्या कप्प्यातला टाक काढून घेतला. आणि — इथे माझी जीभ अडते — कप्पा रिकामा ठेवला नाही. दादांची दात घासायची कडुलिंबाची काडी घेतली, टाकाच्या मापानं मोडली आणि आत सरकवली. रिकामा कप्पा तिच्या बोटांना कळला असता ना!

उंबऱ्यात तिनं डोळे मिटले, पाचही कप्प्यांना हात लावला, माझ्याकडे बघून हसली. मीही हसले.

तिच्या वर्गात काय झालं ते दुपारपर्यंत शाळाभर झालं. काडी बाहेर आली तशा वर्गावरच्या बहनजी म्हणाल्या, "इम्तिहान में दातुन करेगी क्या?" सगळ्या मुली फिदीफिदी हसल्या. मग बहनजींनी दुसरा टाक देऊ केला, पण कुमुदनं तो घेतलाच नाही. घंटा होईपर्यंत ती दप्तर उपसत राहिली. पेपर कोरा. त्याच वेळी पलीकडच्या वर्गात मी तिच्या टाकानं माझा पेपर लिहीत होते. चांगला गेला.

घरी ती एकच सांगत होती, "मी हात लावला होता गं ताई. बिलकुल लावला होता." मी म्हणाले, "खोटं बोलते. वाटेत काडीशी खेळत बसली असेल." दुसऱ्या दिवशी दादांनी नाव कटवलं. ते दप्तर आईनं पुढे डाळी ठेवायला घेतलं. कुमुद शाळेत परत गेली नाही. सतरा पुरी व्हायच्या आत तिचं लग्न झालं.

आता अशा मुलांना एडीएचडी म्हणतात म्हणे. परवा नातवाच्या शाळेतली एक बाई मला शिकवत होती — प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा द्या, निघताना ठरलेल्या क्रमानं हात लावून बघायला सांगा. तिचा राग आला मला. तुझ्या जन्माआधी हे बघितलंय मी, बाई. बघितलंय आणि मोडलंय.

कुमुद अजून माझ्याकडे येते. निघताना पर्स पलंगावर पालथी करते — चष्मा, किल्ली, औषधाच्या गोळ्या — एकेक वस्तू डोळ्यांनी बघून परत भरते. मग पर्स माझ्यापुढे सरकवते.

"ताई, एकदा तू बघून दे गं. माझ्या हातांचा काही भरवसा नाही."

मी बघते. सगळं आहे, म्हणते. ती लगेच पर्स बंद करते आणि निघते.