झुकत्या अक्षरांचा नीळकंठ

बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या बंगल्यातली रद्दी चिखलीच्या बाजारात आली आणि भज्याच्या पुडीवाटे विलायती मासिकाचं एक पान नीळकंठाच्या हाती पडलं. भजी गार झाली तरी तो मथळाच पाहत बसला. अक्षरं सगळी उजवीकडं झुकलेली. एक रेघ नांगराच्या रुमण्यासारखी जाड, तर तिला लागूनची केसासारखी बारीक.

नीळकंठ छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. त्या दिवसापासून मात्र सुट्टी आली, की शिसवीचे ठोकळे घेऊन बसायचा आणि आपली मराठी अक्षरं तशीच झुकती कोरायचा. बायको म्हणायची, सवत असती तर भांडली तरी असती, हे ठोकळे नुसते मुके.

छापखान्याचे मालक रामराव आपल्या साप्ताहिकात ती अक्षरं लावू देईनात. वाचणाऱ्याले वाटंल छापखानाच कलंडला, म्हणायचे. शेवटी बोली ठरली. आधी एका तरी गिऱ्हाइकानं ती पत्करावीत, मग अग्रलेखाचा मथळा नीळकंठाचा. नाही तर ठोकळे बंबात.

अमडापूरचे पुंजाजी लेकीची लग्नपत्रिका छापायला आले, संगं म्हातारी आई तानुबाई. नीळकंठानं नवरानवरीची नावं झुकत्या अक्षरांत काढून कच्चा कागद पुढं केला. पुंजाजींनी कागद सरळ धरला, तिरपा धरला, मग मानच तिरपी केली.

"काऊन हो, नवरदेवाचं नाव पडून राह्यलं? सोयरे म्हनतीन, पोरगं पिऊन आलं."

रामराव मिशीत हसले. नीळकंठानं विलायतेचा दाखला दिला, तर पुंजाजींनी विचारलं, तिकडची लगनं तरी टिकतात का? नीळकंठ आता सरळ खिळे लावणार, तोच तानुबाईनं कागद ओढून घेतला. तिला वाचता येत नव्हतं. ती नुसती अक्षरांवरून बोट फिरवत राहिली.

"जवारीचं कनिस ताठ कवा राह्यते रे पुंजा? दाना भरला नाही तवाच ना? हे भरलं, म्हून कललं. राहू दे असंच."

पुंजाजींनी आईचं ऐकलं, पण मुहूर्ताची वेळ तेवढी सरळ छापा म्हणाले. तिथं कलून भागणार नाही.

रामरावांनी बोली पाळली. पुढच्या अंकात अग्रलेखावर झुकता मथळा बसला. निम्म्या प्रती निघाल्या आणि मथळ्यातल्या एका अक्षराची बारीक रेघ दाबाखाली कट्‌दिशी तुटली. रामराव यंत्र थांबवून वळले, तर नीळकंठ नवा ठोकळा घासायला बसलासुद्धा.

"किती येळ लागन बे?"

"चहा सांगा," मान वर न करता नीळकंठ म्हणाला. रामराव सांगायला गेले.