हिरीबाईचा प्लॉट

पिशवीत पिशव्या साठतात ना, तसे आमच्या आदिवासी संघटनेत किस्से साठलेत. टाकवत नाहीत! अर्धेअधिक आमच्या ताईंचे. कॉलेजात स्त्री-अभ्यास शिकवायच्या, आता मुरबाडला आमच्यातच राहतात. मी त्यांची अर्ज लिहिणारी.

ताई बायकांच्या कष्टांवर पुस्तक लिहीत होत्या. वह्या घेऊन वैशाखरे गावात हिरीबाईकडे गेल्या. हिरी शेतात भाताची रोपं लावत होती. म्हणाली, "आदी वाका, मंग लिवा!"

ताई वाकल्या. तासाभरानं हिरीनं त्यांची अख्खी ओळ उपटली आणि पुन्हा लावली. ताईंनी पुस्तकात छापलंय, "या विषयात मी नापास. परीक्षक : हिरीबाई."

*

शहापूरच्या सभेत एक पुढारी तावातावानं उठले. "ताई, तुम्ही आमच्या बायका बिघडवल्या!"

"छे हो," ताई म्हणाल्या, "मीच दुरुस्तीला यांच्याकडे आलेय."

*

मग कसलेली वनजमीन नावावर करून घ्यायचे दावे निघाले. नवरा-बायको, दोघांची नावं हवीत, असा कायदा. हिरीच्या नवऱ्यानं, काळूनं, अर्जात एकट्याचंच नाव घातलं. ताईंनी अर्ज परत पाठवला.

काळू तणतणत आला. "तिचं नाव हाय ना रेशनकार्डावर!"

हिरी मागंच उभी. "मंग तू ऱ्हा रेशनकार्डावर, जमिनीवर मी ऱ्हाते!"

तरी गडी ऐकेना. "पाहणीला साहेब येतील, त्यांनाच इचारू."

*

साहेब आले, हातात मोजणीचं यंत्र. "प्लॉटची हद्द दाखवा. चुकली तर दावा गेला समजा."

काळू ऐटीत पुढं झाला. दोन कोपरे बरोबर. तिसऱ्याला शेजारी ओरडला, "आरं, ती माजी जागा!"

साहेबांनी पेन बंद केलं. इतकी वर्षं कसलेली जमीन हातची चालली! ताई बोलायला गेल्या, तर हिरीनं हातानंच थांबवलं. पदर खोचला आणि निघाली.

"ह्यो दगूड मी ठेवला. ह्यो आंबा मी लावला. ह्या बांधाची माती माज्या डोक्यावरनं आली."

ती पुढं, साहेब धापा टाकत मागं. चारही कोपरे फिरून ती निघाली होती तिथंच येऊन थांबली. शेजाऱ्यानं मान डोलावली.

साहेबांनी पेन उघडलं. "कसणाऱ्याचं नाव काय लिहू?"

काळूनं टोपी काढली.

"तिचं लिवा साहेब. खाली जागा उरली, तं माजं."