बोट रेंजमध्ये येण्याआधी

पालघरला चालले म्हटल्यावर घरात हशा पिकला. "समुद्रावर का?" नवऱ्याने विचारलं. म्हटलं, नाही, बायकांना प्रश्न विचारायला. मी नाशिकला कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते आणि चाळिशी उलटल्यावर पीएचडीचं खूळ डोक्यात घेतलंय. गावोगावी बायकांना बचत, बँक, विमा शिकवणारे वर्ग होतात. फोटो निघतात, प्रमाणपत्रं वाटतात आणि मंडळी पांगतात. काही वर्षांनी त्यातलं काय उरतं, हा माझा विषय. वर्ग घेणारी संस्था वेगळी, पुस्तिका त्यांची. मी वरात गेल्यावर मांडव बघायला येणारी.

नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार अशी एसटी धरली. या रस्त्याने जाणार असाल तर खिडकीची जागा धरा आणि पोट रिकामं ठेवू नका, वळणांनी जीव नकोसा होतो. जव्हारच्या स्टँडवर चहा बरा मिळतो, भज्यांच्या वाटेला जाऊ नका. ऑक्टोबरात भात पिवळा पडलेला असतो, काही खाचरांत कापणी सुरू झालेली होती. एरवी मी हे बघून खूश झाले असते, पण यंदा मनच लागेना. मनोरच्या पुढे ट्रक आणि धूळ सुरू झाली, आणि पालघरला उतरले तेव्हा अंगाला घामाचा नि डिझेलचा वास येत होता. स्टेशनजवळच्या लॉजमध्ये हजाराच्या आत खोली मिळते. खोलीला ओल आलेली होती आणि पंखा नुसता आवाज करायचा. जेवणाला मात्र नाव ठेवणार नाही, तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण मिळालं.

दुसऱ्या दिवशी सफाळ्याला गेले. तिथे वर्गाला बसलेल्या एका आजींना विचारलं, काय काय आठवतं? त्या म्हणाल्या, "मॅडम, शिकवलेलं सगळं इसरले. डबा दिलेला, तो हाय." आणि खरंच आतून स्टीलचा डबा आणून दाखवला, त्यात मेथ्या होत्या. मी हसले, त्याही हसल्या. परतीच्या वाटेवर मात्र वाटायला लागलं, आपण आयुष्यभर हेच तर करतोय, पोरांना मागणी-पुरवठ्याच्या आकृत्या शिकवतोय आणि त्यांच्या लक्षात राहतो तो खडूचा रंग.

तिसऱ्या दिवशी बोईसर. स्टेशनबाहेर शेअर रिक्षा मिळतात, चौथा माणूस आल्याशिवाय हलत नाहीत आणि पाचवा आल्यावरही थांबून बघतात. शेजारी कारखान्यातून सुटलेले दोघे कामगार होते.

"ओवरटाइम मिला?"

"बोला है, अगले महीने देंगे।"

"पिछले महीने भी यही बोला था।"

कुंभवलीच्या बाजूला औद्योगिक वसाहतीचा वास सुरू झाला. आधी नाकाला जाणवतो, मग जिभेवर येतो. रिक्षावाल्याला विचारलं, रोज असाच असतो का? तो म्हणाला, "कसला वास?"

वसाहत मागे टाकून किनाऱ्यावरच्या एका गावात पोचले. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, आणि पुढची नावंही बदलली आहेत. बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत घातले होते आणि त्यांच्या सावलीत हेमाताई मला भेटल्या. वयाने माझ्याएवढ्याच, बोलायला खणखणीत. माझ्या यादीत त्या वर्गातल्या सर्वांत हुशार म्हणून नोंदलेल्या. खातं उघडलेलं, नियमित पैसे भरलेले. मी मनातून सुखावले, निदान एक तरी शाबूत सापडली.

"वर्गाचा उपयोग झाला म्हणायचा," मी म्हटलं.

"झाला ना. घर मोडायला आलं."

मग त्यांनी नीट बसवून सांगितलं. "आमच्यात कसं हाय मॅडम, नवरा मावरं, म्हंजे मासली, आणतो, बाय इकते. पैका बायच्या बटव्यात. त्याला डिझेलला, बर्फाला लागला का तो मागतो, मी देते. किती उरलं, हे त्यानं कदी इचारलं नाय नि मी कदी सांगितलं नाय. माझ्या सासूचंबी तसंच, तिच्या सासूचंबी तसंच. चोरी नाय ती. रीत हाय."

वर्गातल्या पुस्तिकेत शेतकरी कुटुंबाचं चित्र होतं. पैसा पुरुषाच्या हातात, बाईने थोडा वाचवून बँकेत टाकावा, असा धडा. जिथे बटवा पिढ्यान् पिढ्या बाईच्याच कमरेला आहे, तिथे तो धडा जसाच्या तसा शिकवला गेला. हेमाताईंनी तो मनापासून पाळला. मुलगी रुचिताला पालघरला लॅबचा कोर्स करायचा होता, त्यासाठी साठवलेलं सगळं खात्यात गेलं. खातं उघडताना मोबाईल नंबर मागितला. घरात तेव्हा फोन एकच होता, त्यांच्या नवऱ्याचा, रमाकांतभाऊंचा. तोच दिला.

"बोट किनाऱ्याजवळ आली का रेंज येते," हेमाताई म्हणाल्या. "मंग सगळे मेसेज एकदम वाजतात. बोटीवर पाच माणसं. हा कदी मेसेज बघत नाय. एकदा एकानं बँकेचा मेसेज वाचून दाखवला, खात्यात किती हाय तो. म्हनला, रमाकांत, तुझी बायको शेठाणी झाली."

रमाकांतभाऊ काही वाईट माणूस नाही, हे त्या स्वतःच पुन्हा पुन्हा सांगत होत्या. त्यांचं इंजिन जुनं झालं होतं, समुद्रात बंद पडायचं. घरात एवढा पैसा असताना आपण लोकांपुढे हात पसरले, हे त्यांना लागलं. या खेपेला जाताना सांगून गेले होते, आलो की बँकेत जाऊ, इंजिन घेऊ. आणि कॉलेजची फी भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. रुचिता तोवर वसाहतीत पॅकिंगला जात होती. आता नाही तर कायमची तिथेच, असं हेमाताईंना वाटत होतं.

"बोट अजून भाईर हाय. उद्या माझ्यासोबत बँकेत येशील?" इतका वेळ मॅडम म्हणणारी बाई एकदम एकेरीवर आली.

संशोधकाने फक्त बघायचं असतं, मध्ये पडायचं नसतं. माझ्या मार्गदर्शकांनी हे मला दहादा बजावलंय. मी हो म्हटलं.

सकाळी बँकेत गर्दी होती. हेमाताईंनी आधी नंबर बदलायचा अर्ज मागितला, आता त्यांच्याकडे स्वतःचा फोन होता. काउंटरवरचा मुलगा सभ्य होता. म्हणाला, "बदलून देतो काकी. पण बदलल्याचा मेसेज जुन्या नंबरवर जाणारच."

"नाय पाठवला त?"

"तुमच्याच सुरक्षेसाठी असतं ते."

"नि पैशे काढले त?"

"त्याचाही जाणार."

हेमाताई काउंटरची कड धरून उभ्या राहिल्या. मागची माणसं चुळबुळ करायला लागली. मग त्या म्हणाल्या, "जाऊंदे मेसेज. त्याच्या आदी फी जाऊंदे." आणि पैसे काढायची स्लिप भरायला घेतली. सही सुरेख आली.

रुचिता बोईसर स्टेशनवर येऊन थांबली होती. गाडीत तिने एकदाच विचारलं, "आई, बाबा काय बोलतील?"

"बोलंल. तू शीक."

पालघरला कॉलेजच्या खिडकीवर फी भरली, शिक्का बसला. रुचिता रडायला लागली, हेमाताईंनी तिचे डोळे पदराने पुसले. मी दोघींना स्टेशनबाहेर वडापाव खाऊ घातला. त्या आनंदात होत्या, निदान मला तसं वाटलं. मात्र खाताना हेमाताई सारख्या घड्याळाकडे बघत होत्या. भरती कधी लागते ते त्यांना तोंडपाठ होतं, बोट कधी येईल हेही.

मी त्याच संध्याकाळी जव्हारमार्गे परत निघाले. बाहेर अंधार, बसमध्ये जेमतेम माणसं. मला कुणाला तरी मदत केल्याचं समाधान वाटायला हवं होतं, आणि ते काही केल्या वाटत नव्हतं.

आता घरी येऊन बरेच आठवडे झाले. माझ्या तक्त्यात हेमाताई यशस्वी गटात बसतात. स्वतःचं खातं आहे, स्वतः व्यवहार केला, मुलीच्या शिक्षणावर खर्च केला. सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा. मार्गदर्शक खूश आहेत, म्हणाले हे उदाहरण सविस्तर लिहा. त्या भागात जाणार असाल तर जरूर जा, रस्ता, राहणं, जेवण, सगळं वर दिलंय. पण मला पालघर म्हटलं की हल्ली उदास वाटतं, हे खरं सांगून टाकते.

हे लिहू का, असं विचारायला परवा हेमाताईंना फोन केला.

"लिव. नाव नको."

"रुचिता जाते ना?"

"जाते. रोज जाते. पांढरा कोट शिवला तिला."

"आणि घरी? भांडण झालं का फार?"

"भांडला असता त बरं झालं असतं. कायच बोलला नाय. बोट लागली का आता मावरं माझ्या पाटीत येत नाय. लिलावात जातं. पैका त्याच्या फोनवर."

"मग तुम्ही काय विकता?"

"तेच इकते. लिलावात उभी ऱ्हाते नि बोली लावते. आमच्याच बोटीचं मावरं इकत घेते." हेमाताई पुढे म्हणाल्या, "काल भाईरच्या व्यापाऱ्यानं माझ्यावर बोली चढवली. माझा नवरा समोरच उभा हुता. माझ्याकडं बघितलं, नि मावरं त्या व्यापाऱ्याला दिलं. नवऱ्याचंबी काय चुकलं म्हना. जास्त बोलीवाल्याला द्यायचं, लिलावाचा नियमच हाय तो."