आप्पांच्या भिंतीवरची नऊ वाद्यं

आप्पांना एकही वाद्य वाजवता येत नव्हतं आणि त्यांच्याकडे नऊ वाद्यं होती. दोन तंबोरे, एक सतार, एक दिलरुबा, एक सारंगी, एक जुनी बीन म्हणजे रुद्रवीणा, एक फिडल, एक एकतारी आणि सोलापूरच्या एका म्हाताऱ्या बँडमास्तराकडून घेतलेली गिटार. नळदुर्गात आमचं कापडाचं दुकान होतं. दुकानामागच्या खोलीत ही नऊच्या नऊ वाद्यं गवसण्या घालून भिंतीला टांगलेली असत. घरातली सगळ्यात कोरडी, सगळ्यात चांगली खोली ती. माझ्या दोन्ही मुली ओसरीवर झोपत.

आप्पा माझे सासरे. लग्न होऊन मी आले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. सासूबाई आधीच गेल्या होत्या. माझे यजमान सोलापूरला एका पेढीवर कामाला, महिन्या-दोन महिन्यांनी येणार. त्यामुळे घरात मी, मुली आणि आप्पा. दर सोमवारी लिंगपूजा झाली, कपाळाला विभूती लागली, की ते एकेक वाद्य खाली काढत आणि सुरात लावत. त्यांना वाजवता येत नसे, पण सूर मात्र असा लागायचा की रस्त्यावरचा माणूस थबकावा. मला हाक यायची, "गिरिजा, जरा ही खुंटी धर बघू." मी खुंटी धरायची, ते डोळे मिटून तार छेडायचे. सूर लागला की "हां" म्हणायचे, गवसणी चढवायचे आणि वाद्य परत भिंतीला. एवढंच. पुढं काही वाजायचं नाही.

गिटार आणली तेव्हाची गोष्ट गावात वर्षानुवर्षं सांगितली जायची. सोलापूरहून येताना हद्दीवर निजामाचा करोडगिरी नाका होता. नवा माल असेल तर महसूल, जुना वापरातला असेल तर माफी. कारकुनानं विचारलं, "सेठ, ये नवा माल है क्या?" आप्पा म्हणाले, "जुनं हाय साहेब, वापरातलं." कारकून हसला. "वापरातलं? तो बजाके दिखाओ." आप्पांची पंचाईत झाली. खोटं बोलायची सवय नव्हती आणि वाजवायला येत नव्हतं. ते तिथंच बाकावर बसले आणि गिटार सुरात लावायला लागले. एक तार झाली, दुसरी झाली, मग पहिली उतरली म्हणून पुन्हा पहिली. मागं बैलगाड्यांची रांग लागली. शेवटी कारकून हात जोडून म्हणाला, "जाव सेठ, जाव. मेरी चाय थंडी हो गई." आप्पा घरी आले ते विजयी वीरासारखे.

पण द्यायची वेळ आली की या माणसाचा हात उघडत नसे. कानडीत "इरली" म्हणजे असू दे, राहू दे. आमच्याकडे घरात निम्मं कानडी चालायचं. कुणी वाद्य मागायला आलं की आप्पा गोड हसून म्हणायचे, "इरली, इरली," आणि चहा मागवायचे. एकदा बेंबळीच्या भजनी मंडळाला एक तंबोरा द्यायचा त्यांनी शब्द दिला. गाडी जुंपून स्वतः पोचवायला गेले. संध्याकाळी परत आले तर तंबोरा मांडीवर. मी विचारलं, तर खाली मान घालून म्हणाले, "त्यांच्या देवळात लई सर्दी हाय गं. भोपळा फुटंल." बेंबळीत सर्दी! उन्हाळ्याचे दिवस होते. मी तोंडाला पदर लावून हसले, तेही हसले.

ज्याला खरी गरज होती तो चांदभाई. आमच्या मागच्या गल्लीत राहायचा. बाप सारंगिया, आजा सारंगिया. त्याची स्वतःची सारंगी एका लग्नात माणसांच्या रेट्यात पडून फुटली. त्यानंतर त्यानं आप्पांना सारंगी मागितली नाही असं वर्ष गेलं नाही. आप्पांचं उत्तर ठरलेलं. "चांदभाई, इथं येऊन वाजव. तुझंच घर हाय. पण न्यायचं नाव काढू नको." मग तो रोज दुपारी यायचा. खाली बसायचा, सारंगी वाजवायचा, जाताना स्वतःच गवसणी घालून खुंटीला टांगायचा. कुणाच्या घरी बैठकीला बोलावणं आलं तर त्याला नाही म्हणावं लागे, कारण सारंगी आमच्या भिंतीवर. एकदा मी त्याला म्हटलं, "चाचा, तुम्हाला राग नाही येत?" तो म्हणाला, "बेटी, सेठ का दिल तार के जैसा है. जास्ती खिंचे तो तुटेगा. रहने दो."

मग ते वर्ष आलं. राज्य निजामाचं, देश स्वतंत्र झालेला, आणि आमचा मुलूख मध्येच लटकलेला. रोज काहीतरी ऐकू यायचं, अमुक गावावर धाड पडली, तमुक घर जळालं. बाजारातली ओळखीची माणसं एकमेकांशी खालच्या आवाजात बोलायला लागली. एकेक कुटुंब हद्द ओलांडून सोलापूरकडे सरकत होतं. पावसाळ्याच्या तोंडावर ह्यांची चिठ्ठी आली. परवा सकाळी गाडी येईल, मुलींना आणि आप्पांना घेऊन निघ, आणि निघताय हे कुणालाही कळू देऊ नको.

आप्पांनी सगळी वाद्यं खाली काढली. दुकानातल्या जाड मांजरपाटाचं ठाण फाडून एकेकाला गुंडाळायला बसले. मी म्हटलं, "आप्पा, गाडी एकच आहे. दोन पोती ज्वारी, भांडी, पोरी. एखादं घ्या." ते म्हणाले, "एखादं? बरं." मग सतार बाजूला काढली. ती ठेवून बीन घेतली. बीन ठेवून सारंगी घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हेच चाललं. शेवटी डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "न्हाय जमत. मी ऱ्हातो इथंच. तुमी जावा."

त्यांना सोडून मी कशी जाणार होते? मी म्हटलं, "मी चांदचाचाला सांगते. मागनं दुसरी गाडी करून सगळी घेऊन येईल तो." आप्पांचा चेहरा उजळला. "येईल. चांदभाई शब्दाचा पक्का. आत्ताच जा, सांग त्याला."

मी गेले. परसदारातून मागच्या गल्लीत उतरले. चांदभाईचं दार उघडं होतं, आत त्याची बायको भाकरी थापत होती, तो आवाज मला ऐकू येत होता. आणि मी थांबले. कुणाला कळू देऊ नको, असं चिठ्ठीत होतं. आम्ही निघालो हे ह्याच्या तोंडून कुठं गेलं तर? दहा वर्षं ज्या माणसाला मी चाचा म्हटलं, माझ्या पोरींना ज्यानं खांद्यावर घेतलं, तो त्या क्षणी मला फक्त मुसलमान दिसला. मी मागं फिरले.

"सांगितलंस?" आप्पांनी विचारलं.

"सांगितलं," मी म्हटलं. "आणतो म्हणाले."

सकाळी गाडी निघाली. आणखी एक गोष्ट लपवत नाही. गाडी वेशीबाहेर पडली तेव्हा, ती खोली आणि ती लाकडं मागं राहिली याचं मला जरा बरंच वाटलं होतं.

सोलापुरात आप्पा रोज आमच्या गावाहून येणाऱ्या हैदराबादच्या रस्त्यावर जाऊन उभे राहात. पहिले आठ दिवस म्हणत, "गाडी मिळाली नसंल." मग म्हणत, "रस्ता बंद असंल." मीही मान हलवायची. महिना गेला, तसा त्यांचा आवाज बदलला. एका दुपारी जेवता जेवता म्हणाले, "सारंगी दिली न्हाय म्या, तेचा राग धरला असंल त्यानं. नेली असतील सगळी." तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "आप्पा, कढी वाढू?"

पुढं ते आमच्या गावची जी जी माणसं सोलापुरात भेटत, त्यांना सांगायला लागले. "चांदभाईवर इश्वास टाकला, फसलो." माणसं माना डोलवत. त्या दिवसांत असलं पटायला वेळ लागत नव्हता. एका भल्या माणसाचं नाव माझ्यासमोर रोज थोडं थोडं मातीत जात होतं आणि मी भाकऱ्या थापत होते.

पावसाळ्याच्या शेवटी हिंदुस्थानची फौज आली, राज्य बदललं. आधी आम्ही जीव मुठीत धरून पळालो होतो, आता चांदभाईसारख्यांची पाळी आली. दिवाळीनंतर आम्ही परत आलो. कुलूप तुटलेलं, दुकान रिकामं. माळवदावर, म्हणजे मातीच्या धाब्यावर, यंदा पांढरी माती टाकायची राहिली होती, त्यामुळे मागच्या खोलीत पाऊस धो धो गळून भिंतीचे पोपडे सुटले होते. नऊ खुंट्या होत्या, वाद्य एकही नव्हतं. आप्पा एवढंच म्हणाले, "बघ."

चार दिवसांनी दारात बैलगाडी थांबली. चांदभाई उतरला. ओळखू येत नव्हता, इतका खंगलेला. गाडीत कडब्याखाली मांजरपाटात गुंडाळलेली आठ वाद्यं होती. त्यानं एकेक आत आणून ठेवलं. सगळ्यांना धुराचा वास येत होता. पाऊस सुरू झाला तेव्हा आमच्या माळवदावर यंदा माती पडलेली नाही, ते गळणार, हे त्याच्या ध्यानात आलं. तुटलेल्या दारातून आत येऊन त्यानं ती आपल्या घरी नेली आणि चुलीवरच्या माळ्यावर ठेवली, ओल लागू नये म्हणून. पुढं त्याला स्वतःला घर सोडावं लागलं तेव्हा बायकोच्या माहेरी, खेड्यात नेली. वाटेत एकतारी तेवढी मोडली. त्याच्या घराची चौकट, दारं कुणीतरी काढून नेली होती, त्याबद्दल तो बोललाही नाही.

आप्पा मात्र महिनोन् महिने साठलेलं घेऊन बसले होते. म्हणाले, "लौकर आणलीस की रे. सुनेनं सांगितलं हुतं ना तुला, सोलापूरला आण म्हणून? मी रोज रस्त्यावर उभा."

चांदभाईनं माझ्याकडे बघितलं. मी दाराला धरून उभी होते. त्याला सगळं कळलं.

"हौ सेठ," तो म्हणाला, "बहू बोली थी. मेरेसे नै हुआ. माफ करना."

आप्पांनी त्याला बस म्हटलं नाही. चहा सांगितला नाही. तो पायऱ्या उतरून गेला.

दोन दिवस मी कसे काढले माझं मला माहीत. तिसऱ्या दिवशी सोमवार. आप्पा सतारीवरची धूळ पुसत होते. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं, परसदारातून मागं फिरले तेही, का फिरले तेही. ते पुसत राहिले. धूळ पुसून झाली तेव्हा म्हणाले, "तू एकडाव खोटं बोललीस. मी त्याला दहा वर्सं न्हाय म्हणत आलो. त्याच्या पोटावर बसून म्या सूर लावले."

मग उठले. सारंगी छातीशी धरली आणि अनवाणी मागच्या गल्लीत गेले. घर उघडं पडलं होतं. शेजारच्यानं सांगितलं, कालच सगळे गुलबर्ग्याकडं गेले.

त्यानंतर आप्पांनी वाद्यं द्यायला सुरुवात केली. तंबोरा बेंबळीला गेला, सतार तुळजापूरच्या एका गाणं शिकवणाऱ्या मास्तरांकडे, गिटार तिथल्याच एका बँडवाल्याकडे. देणं त्यांना सोपं गेलं असं नाही. प्रत्येक वाद्य आधी सुरात लावायचे, स्वतः पोचवायचे आणि तिथंच दिवसभर बसायचे. लोकांना शेवटी म्हणावं लागे, "आप्पा, आता निघा, अंधार पडंल." घरी आले की त्या खुंटीकडे पाठ करून जेवायचे. तीन वर्षांत सात वाद्यं गेली. सारंगी घेऊन ते दोनदा गुलबर्ग्याला जाऊन आले. गल्ल्या धुंडाळल्या, मशिदींपाशी विचारलं, लग्नाच्या बैठकीतून डोकावले. चांदभाई मिळाला नाही.

मला ते एका अक्षरानं रागावून बोलले नाहीत. सोमवारी पूर्वीसारखीच हाक यायची. त्यांनी रागवावं म्हणून मी वाट बघायची. एकदा सगळ्यांसमोर ह्यांनी विचारलं, "आप्पा, चांदभाईचं नेमकं झालं काय हो?" आप्पा शांतपणे म्हणाले, "त्याची काय चूक न्हाय. निघायच्या गडबडीत त्याला सांगायचंच मी विसरलो." मग बाजाराच्या दिवशी दुकानाच्या पायरीवर उभं राहून त्यांनी हेच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं. ज्यांना ज्यांना सोलापुरात उलटं सांगितलं होतं, त्यांच्या दारी जाऊन सांगितलं. "म्हातारा झालो. विसरलो."

आप्पा जाऊन आता खूप वर्षं झाली. हेही गेले, त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. सारंगी माझ्याकडे आहे. मागायला दोघं-तिघं चांगले वाजवणारे आले, मी दिली नाही. ती माझी नाही, तेव्हा देणारी मी कोण?

दोन माणसांनी माझी चूक आपल्या अंगावर घेतली. एकानं दारात उभ्या उभ्या, एकानं गावभर हिंडून. मला कुणी कधी बोल लावला नाही. नळदुर्गातली जुनी माणसं अजून भेटली की सांगतात, "तुमचे सासरे लई मोठा माणूस, पण उतारवयात जरा विसराळू झालते बघा." मी मान हलवते. आप्पा काहीच विसरले नव्हते.