ज्येष्ठतेप्रमाणे फलंदाजी

संस्थान विलीन झालं आणि आमची ग्वाल्हेरची कचेरी इंदूरच्या कचेरीशी जोडली गेली, तेव्हा दोन गोष्टी एकदम दुप्पट झाल्या: टाचण्यांचे डबे आणि सलामीचे फलंदाज. टाचण्या मी मोजून एका कपाटात ठेवल्या. फलंदाजांचं तसं करता येईना.

आमच्याकडून वर्षानुवर्षं माझा थोरला भाऊ सलामीला जायचा. दादा आणि मी एकाच कचेरीत होतो. तो लेखा शाखेत, मी आस्थापनेत. इंदूरची मंडळी आली ती आपले दोन सलामीवाले घेऊनच. तीन महिने भांडण चाललं. शेवटी बडे बाबूंनी, म्हणजे आमच्या मुख्य कारकुनांनी, तोडगा काढला. दोन्ही बाजूंनी सह्या केलेला कचेरीत एकच कागद होता, नोकरीतल्या ज्येष्ठतेची एकत्रित यादी. फलंदाजी त्या यादीप्रमाणे.

"क्रिकेट असो की बढती," ते म्हणाले, "लिस्ट तो लिस्ट है."

यादीची स्वच्छ प्रत मीच काढली होती. इंदूरवाले आमच्याहून आधी नोकरीला लागलेले, त्यामुळे दादा सहावा आला आणि मी दहावा. दादाने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, जणू सगळ्यांच्या नेमणुकीच्या तारखा मीच ठरवल्या होत्या.

त्यातच बातमी आली की भारताकडून सलामीला खेळणारा एक फलंदाज ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, सराफ्यातल्या एका लग्नाला येतोय, आणि रविवारी शाळामास्तरांच्या संघाविरुद्ध आमच्याकडून खेळायला तयार आहे. दादा या माणसाचा भक्त. एका जुन्या वहीत त्याच्या प्रत्येक डावाचं कात्रण चिकटवलेलं. परदेशातली दोन शून्यंसुद्धा होती. त्याच्याबरोबर एकदा खेळपट्टीवर उभं राहायचं, एवढं एकच दादाला हवं होतं.

पाहुण्यांना कितवं घालायचं, हे मी बडे बाबूंना विचारायला गेलो.

"या कचेरीत सेवा किती?"

"काहीच नाही."

"मग अकरावे."

"बडे बाबू, ते देशासाठी पहिला चेंडू खेळतात."

"खेळत असतील. तिथली लिस्ट वेगळी."

सहावा आणि अकरावा एकत्र येण्याची शक्यता मी कागदावर मांडून दादाला दाखवली. फारच कमी होती. त्याने कागद नीट वाचला आणि दुसऱ्या दिवशी अर्ज दिला: माझी ज्येष्ठता मी सोडतो, मला यादीत शेवटी घ्यावं. मी त्यात 'फक्त रविवारपुरती' असं घातलं होतं. बडे बाबूंनी ते खोडलं.

"ज्येष्ठता काय छत्री आहे? उघडली, मिटली? सोडायची तर कायमची."

दादाने सही केली. पुढची बढती गेली. तो दहावा झाला, मी नववा.

घरी वहिनीने ताट वाढता वाढता विचारलं, "बढती दिलीत. बदल्यात मिळालं काय?"

"पाहुण्यांच्या समोरची जागा."

"अहो, लग्नात पंगतीला बसला असतात तरी मिळाली असती."

रविवारी आमची फलंदाजी पहिली. पहिले दोघे निवृत्तीला टेकलेले. ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकले आणि दोघांनी मिळून चौदा धावा केल्या. चारदा तरी पायचीत होते. पण पंच आमच्याच कचेरीतला, आणि त्याचा वार्षिक गोपनीय अहवाल दुसऱ्या क्रमांकाचा फलंदाज लिहायचा.

पाहुणे तंबूत बसून होते. आपण अकरावे आहोत हे कळल्यावर आधी ते दोन मिनिटं हसले. मग म्हणाले, "जन्मात कधी पोटभर खाऊन खेळायला गेलो नाही. सलामीला जाणाऱ्याच्या घशाखाली काही उतरत नाही." टोपी बाजारातून कचोऱ्या आणल्या होत्या. त्यांनी खाल्लेल्या पाच मी मोजल्या. त्यानंतर बुंदीचे लाडू आले.

जेवणानंतर मास्तरांनी स्वतःचा पंच उभा केला आणि आमचे आठ जण पाऊण तासात परतले. आठ बाद झाले तेव्हा दादा आत आला. कचेरीत पॅड तीनच, त्यामुळे त्याच्या एकाच पायाला. समोर मी होतो. आमच्यातल्या एकाने जायला हवं होतं आणि तो मीच, हे सांगावं लागलं नाही. पुढच्या चेंडूला मी बॅट उचलून बाजूला झालो. तिन्ही यष्ट्या पडल्या.

पाहुणे आले, डोलत. दादा समोरच्या टोकाला ताठ उभा. पहिलाच चेंडू पाहुण्यांनी हलकेच कव्हरकडे ढकलला आणि दादा धावत सुटला. वीस वर्षांची सवय. पाहुण्यांनीही एक पाऊल टाकलं, पोटावर हात ठेवला आणि जागच्या जागी थांबले. दादा त्यांच्यापर्यंत पोचला, वळला, पण तोवर मास्तरांनी मागच्या यष्ट्या उडवल्या होत्या. एकही चेंडू न खेळता धावबाद.

"माफ करा हो," पाहुणे म्हणाले. "पाचवी नको होती."

आमच्या कचेरीतली त्यांची कारकीर्द एवढीच: एक चेंडू, नाबाद शून्य. दादाने तेही वहीत लिहिलं.

"त्यांचा स्टान्स समोरून बघितला," तो रात्री वहिनीला म्हणाला.

"छान. तिकीट महाग पडलं."

पुढे राज्याची पुनर्रचना झाली आणि कचेऱ्या भोपाळला हलल्या; ग्वाल्हेरला फक्त एक छोटी शाखा उरली. कोण जाणार हे ठरवायला बडे बाबूंनी तीच यादी काढली. वरून मोजायला सुरुवात केली. हवे होते तेवढे लोक माझ्या नावाशी पुरे झाले. माझ्या खाली दादा होता, आणि त्याच्या खाली नंतर भरती झालेले पाच नवे कारकून.

मी भोपाळला आलो. सामानाची यादी केली, एकशे सात नग, एक पाटा वाटेत हरवला. इथे ओळखीचं कोणी नव्हतं आणि मैदानही नव्हतं. वहिनी मात्र ग्वाल्हेरच्या इंदरगंजात, माहेरापासून दोन गल्ल्यांवर, होती तिथेच राहिली. त्या बढतीचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

महिन्याभराने दादाचं पोस्टकार्ड आलं. ख्यालीखुशाली एका ओळीत. खाली लिहिलं होतं: "संघात आता आम्ही सहाच. यादीत सर्वांत ज्येष्ठ मी. रविवारी ओपनिंगला गेलो. तुझं पॅड कुठे ठेवलं आहेस ते कळव."

कपाट दुसरं, खालचा खण, टाचण्यांच्या डब्यांमागे. मी त्याच दिवशी कळवलं.