भारंगीवाली आक्का

गिऱ्हाइकाला परत पाठवणारी भाजीवाली मी आयुष्यात एकच पाहिली. राजारामपुरीत पावसाळाभर रानभाज्यांची टोपली घेऊन बसणारी आक्का. भारंगीची जुडी मागितली की ती आधी विचारायची, "करणार कशी?" कुणी "पालकासारखी" म्हणालं, तर पिशवीत गेलेली जुडीसुद्धा काढून घ्यायची. "कडू झाली की शिव्या माझ्या पाल्याला. उकडून पाणी पिळायचं ठावं न्हाय, तर कोबी न्या."

मलाही तिनं दोनदा हाकललं होतं. "खायची नाही, तपासायची आहे," म्हटल्यावर तर ती भडकलीच होती; पाला मी दुसऱ्या भाजीवालीकडून नेला होता.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. खाण्यातल्या औषधी वनस्पतींमधली अँटिऑक्सिडंट्स हा माझा पीएच.डी.चा विषय. पाल्याचा अर्क जांभळ्या द्रावणात घालायचा. अँटिऑक्सिडंट्स भरपूर असतील तर रंग उतरून पिवळा होतो. माझं द्रावण दोन महिने जांभळं ते जांभळंच. शेवटी सरांनी सांगून टाकलं, "पंधरा दिवस देतो. नाहीतर विषय बदला."

रडकुंडीला येऊन मी आक्काकडे गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पाला वाळवलास कुठं?"

"हॉस्टेलच्या गच्चीवर. पावसाची उघडीप मिळाली की चांगल्या कडक उन्हात."

"मग त्यात काय ऱ्हायलं गं? औषधाचा पाला कुणी उनात घालतं व्हय? सावलीत पसरायचा, वारं लागंल असा."

इतकी पुस्तकं वाचून हे मला सुचलं नव्हतं, याची खरंच लाज वाटली. त्या दिवशी तिनं काहीही न विचारता चार जुड्या दिल्या.

पंधराव्या दिवशी मी तिला प्रयोगशाळेत घेऊनच गेले. सरांसमोर सावलीतल्या पाल्याचा अर्क नळीत सोडला. जांभळा रंग बघता बघता उतरला आणि स्वच्छ पिवळं पाणी राहिलं. मी आनंदानं नळी उंच धरून सरांना दाखवली. आक्काचा मात्र चेहरा पडला.

"रंग गेला की गं. वाया गेलं?"

"नाही, आक्का. जिंकलो आपण."

तशी ती सरांकडे वळली. "पावणं, आता पास करा की पोरीला." कधी न हसणारे आमचे सर हसले आणि त्यांनी तिला स्वतःची खुर्ची दिली.

प्रबंधाच्या आभारांत पहिलं नाव तिचं होतं. ते ऐकवायला मी टोपलीशेजारी जाऊन बसले आणि हळूच वाचलं. आक्कानं ओळीतल्या सगळ्या भाजीवाल्यांना हाका मारल्या, समोरचं गिऱ्हाईकही थांबवून ठेवलं आणि मला म्हणाली, "आता मोठ्यानं वाच."